चाळिशीनंतरची गिटार

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात आणि साठी आली की बुद्धी नाठी होते, असं मानणाऱ्या समाजात मधल्या वयात काही नवं शिकू पाहणाऱ्याला फारशी जागा उरत नाही. त्यातून वाद्य शिकायचं म्हटलं की सुरुवात लहानपणीच व्हायला हवी होती, हे शिकणारा, त्याच्या घरचे आणि पुष्कळदा शिकवणारासुद्धा धरूनच चालतात. गिटारबाबत हा प्रश्न आज वारंवार पुढे येतो, त्याला कारण आहे. १९७३ च्या ‘यादों की बारात’मधल्या ‘चुरा लिया है’च्या सुरुवातीची भूपिंदर सिंग यांची गिटार ऐकत जी पिढी मोठी झाली, ती आता साठीच्या आसपास आहे. तिच्या कॉलेजच्या दिवसांत गिटार घेणं परवडणारं नव्हतं, किंवा घरात मान्य नव्हतं. आता पैसे आहेत, मुलं मार्गी लागली आहेत, इच्छा मात्र तशीच आहे. अशा माणसाला एकतर ‘वय हा फक्त आकडा आहे’ असा धीर मिळतो, नाहीतर ‘आता बोटं वळायची नाहीत’ असा निकाल. गेल्या तीसेक वर्षांतलं संशोधन नीट तपासलं तर दोन्ही टिकत नाहीत. वयाबरोबर काही दारं खरोखरच बंद होतात, पण ती थोडी आहेत, अरुंद आहेत आणि बोट ठेवून दाखवता येतात. उशिरा सुरुवात करणाऱ्याला अडवते ती मुख्यतः लहान मुलांसाठी बेतलेली शिकवण्याची रीत, असं माझं म्हणणं आहे.

लहानपणाचा हा आग्रह आला कुठून, ते आधी पाहू. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी मांजराच्या पिल्लांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. जन्मानंतरच्या सुरुवातीच्या काळात पिल्लाचा एक डोळा बंद ठेवला, तर पुढे तो उघडूनही मेंदू त्या डोळ्याची दखल नीट घेत नाही. मोठ्या मांजराचा डोळा तितकेच दिवस बंद ठेवला तर असं काही होत नाही. या कामासाठी दोघांना १९८१ च्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. त्याआधी, १९६७ मध्ये, एरिक लेनेबर्ग यांनी भाषेबाबत अशीच मांडणी केली होती : मातृभाषेसारखी भाषा सहज येण्याचा काळ वयात येईपर्यंतचाच. या दोन्ही कामांतून ‘ठरावीक वयातच शिकता येतं’ ही समजूत प्रयोगशाळेबाहेर पडली आणि कुणी फारसं न तपासताच संगीतालाही लागू झाली. पण पिल्लाची दृष्टी ही एकच, जन्मजात यंत्रणा. गिटार वाजवण्यात बोटांची हालचाल, लय, स्वरांची ओळख, आकृत्या लक्षात ठेवणं अशी अनेक कौशल्यं एकत्र येतात आणि प्रत्येकावर वयाचा परिणाम वेगळा होतो. सगळ्यांना एकाच निकालात बसवणं ही पहिली गफलत.

१९९५ साली प्रसिद्ध झालेले दोन अभ्यास शेजारीशेजारी ठेवले तर हे स्पष्ट होतं. पहिला टॉमस एल्बर्ट आणि सहकाऱ्यांचा. त्यांनी नऊ तंतुवादकांचे मेंदू तपासले. त्यांत बहुतेक व्हायोलिन वाजवणारे होते, एक गिटारवादकही होता. डाव्या हाताच्या बोटांची संवेदना नोंदवणारा मेंदूचा भाग त्यांच्यात इतरांपेक्षा मोठा आढळला, आणि ज्यांनी लवकर सुरुवात केली होती त्यांच्यात तो अधिक मोठा होता. ‘लहानपणीच शिका’ म्हणणारे गेली अनेक वर्षं याच अभ्यासाचा दाखला देतात. दुसरा अभ्यास अल्वारो पास्क्वाल-लिओने यांच्या गटाचा, आणि त्याची आठवण कमी काढली जाते. पियानोला कधी हातही न लावलेल्या मोठ्या माणसांना पाच बोटांचा एक छोटा धडा दिला, रोज दोन तास, सलग पाच दिवस. तेवढ्यात त्या बोटांना हलवणारा मेंदूतला भाग विस्तारलेला दिसला. प्रौढ मेंदू बोटांच्या नव्या कामाला आठवड्याच्या आत प्रतिसाद देतो, हे यातून सिद्ध झालं. पहिल्या अभ्यासातून दिसतं ते लवकर सुरू झालेल्या, वर्षानुवर्षांच्या व्यावसायिक रियाझाचं फळ. ते कमी महत्त्वाचं नाही, पण चाळिशीतल्या माणसाचा प्रश्न त्यात विचारलेलाच नाही.

मला या सगळ्या साहित्यात सर्वांत बोलके वाटतात ते एरिक नुडसेन यांच्या प्रयोगशाळेतले गव्हाणी घुबडांवरचे प्रयोग. घुबड आवाजावरून भक्ष्याची जागा हेरतं आणि कानाने ऐकलेली जागा डोळ्याने पाहिलेल्या जागेशी जुळवतं. त्याच्या डोळ्यांवर प्रिझमचे चष्मे चढवून दिसणारं सगळं जग एका बाजूला सरकवलं, तर लहान घुबडं काही आठवड्यांत नवा हिशेब बसवतात; मोठ्यांना ते जमत नाही. इथवर जुनी समजूत खरी ठरली. मग २००२ मध्ये ब्री लिंकनहोकर आणि नुडसेन यांनी मोठ्या घुबडांना तेवीस अंशांचा बदल एकदम न देता सहा, अकरा, सतरा अशा पायऱ्यांनी दिला. आता त्याच वयाची घुबडं पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त शिकली. पुढे २००५ मध्ये आणखी एक गोष्ट दिसली : मेलेले उंदीर आयते मिळणाऱ्या मोठ्या घुबडांपेक्षा जिवंत उंदराची शिकार करावी लागणाऱ्यांनी नवा हिशेब अधिक चांगला बसवला. घुबड म्हणजे माणूस नव्हे, हा आक्षेप रास्तच आहे, आणि केवळ या प्रयोगांवर कुणी माणसाबद्दल निष्कर्ष काढू नये. मानसशास्त्रज्ञ गॅरी मार्कस यांनी अडतिसाव्या वर्षाच्या सुमारास गिटार हातात घेतली आणि २०१२ मध्ये त्यावर ‘गिटार झीरो’ हे पुस्तक लिहिलं. त्यांनाही घुबडांच्या या प्रयोगांनीच उमेद दिली होती. या प्रयोगांचा उपयोग असा, की ‘मोठ्यांना जमत नाही’ या निरीक्षणामागे शिकवण्याच्या पायरीची उंची दडलेली असू शकते, हे ते दाखवून देतात. पायरी लहान केली आणि शिकण्याला खरं काम जोडलं की त्याच वयाचा मेंदू वेगळा वागतो.

आता जे खरोखर हातचं जातं, त्याबद्दल. कुठलाही आधारस्वर न देता ऐकलेला सूर ओळखण्याची क्षमता, म्हणजे निरपेक्ष स्वरज्ञान, बहुतेक करून सहा-सात वर्षांच्या आत संगीताची सुरुवात झालेल्यांतच आढळते. पन्नाशीत ते कमावण्याची आशा धरू नये. व्हर्जिनिया पेनह्यून यांच्या गटाने सातव्या वर्षाच्या आत आणि नंतर सुरुवात केलेल्या वादकांची तुलना केली. दोघांच्या शिक्षणाची वर्षं सारखी असूनही तालाशी अचूक जुळवून घेण्यात लवकरचे वादक सरस ठरले. मात्र या अभ्यासात ‘उशिरा’ म्हणजे सातव्या वर्षानंतर! नवव्या वर्षी क्लासला जाऊ लागलेलं मूलही तिथे उशिराच्याच गटात मोडतं, आणि त्या मुलाला कुणी परत पाठवत नाही. शिवाय लवकर सुरुवात करणारी मुलं बहुधा संगीत असलेल्या घरातली, कल आधीच दिसलेली असतात. हा गुंता सोडवण्यासाठी स्वीडनमधल्या जुळ्या भावंडांचा मोठा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. लवकर सुरुवात आणि पुढची सांगीतिक क्षमता यांच्यातल्या संबंधाचा मोठा भाग आनुवंशिकता आणि घरचं वातावरण यांवरूनच उलगडतो, असं त्यात दिसलं. शिकलेल्या हालचाली झोपेत पक्क्या होणं वय वाढेल तसं कमी होतं, हेही मान्य करायला हवं. त्याचा अर्थ तीच गोष्ट अधिक दिवस घोटावी लागेल, एवढाच.

निरपेक्ष स्वरज्ञान गेल्याचं दुःख तर आपल्याकडच्या माणसाने करूच नये. हिंदुस्थानी संगीत, नाट्यगीत, भावगीत, अभंग या सगळ्यांत ‘सा’ गाणाऱ्याच्या गळ्यानुसार सरकतो. काळी एक, पांढरी चार किंवा काळी पाच, पट्टी कोणतीही असो, नातं महत्त्वाचं. भजनात किंवा घरच्या पेटीवर सरगम वाजवलेल्या माणसाने हे सापेक्ष स्वरज्ञान नकळत कमावलेलं असतं, आणि ते कोणत्याही वयात वाढवता येतं. गिटारच्या मानेवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावला की नेमकं हेच घडतं : बोटांच्या आकृत्या त्याच राहतात, ‘सा’ वर सरकतो. तरी मोठ्या विद्यार्थ्याला ‘तुम्हाला काहीच येत नाही’ असं धरून सी, डी, ई पाठ करायला बसवतात. त्याच्या कानात चाळीस वर्षं साठलेलं ज्ञान वापरलंच जात नाही.

हाताच्या तक्रारींवर संशोधनापेक्षा वाद्याची रचना जास्त प्रकाश टाकते. स्टीलच्या तारांच्या अकूस्टिक गिटारवर सहा तारांचा मिळून ताण सत्तर किलोंच्या आसपास असतो. नायलॉनच्या तारांवर तो जेमतेम निम्मा. स्वस्त गिटारमध्ये नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाशी तारा पेलणाऱ्या पट्टीच्या, खाचा पुरेशा खोल कापलेल्या नसतात, त्यामुळे पहिल्या फ्रेटवर तार दाबायला सर्वांत जास्त जोर लागतो, आणि नवशिक्याला पहिले महिने नेमके तिथेच काढायला लावतात. मग येतो ‘एफ’चा बार कॉर्ड : तर्जनी पहिल्या फ्रेटवर सहाही तारांवर आडवी. याच ठिकाणी पुष्कळजण आपली बोटं म्हातारी झाली असं ठरवून टाकतात. तोच आकार पाचव्या फ्रेटवर धरला तर तार खूपच कमी जोरात दबते आणि ‘ए’ वाजतो. तिथून एकेक फ्रेट खाली येत ‘एफ’पर्यंत पोचता येतं. घुबडांच्या पायऱ्यांची ही गिटारवरची आवृत्ती. बोट फ्रेटच्या अगदी मागे टेकवलं की कमी दाबात स्वच्छ सूर निघतो, मधोमध टेकवलं की तार झणझणते, हे कळायलाही वय आड येत नाही. बोटांच्या टोकांना घट्टे पडायला सोळाव्या वर्षीही काही आठवडे लागतात आणि साठाव्याही. संधिवात असेल तर मर्यादा खऱ्या आहेत. हलक्या तारा, लहान मापाची गिटार, ओपन ट्यूनिंग (खुल्या तारांवरच कॉर्ड वाजेल अशी जुळवणी) यांनी त्या बऱ्याच सैल होतात, पण दुखणाऱ्या सांध्यावर जोर काढू नये, आणि तिथे शिक्षकाआधी डॉक्टरचं ऐकावं. कानांची भीती मात्र बरीचशी अनाठायी आहे. वयानुसार ऐकू येणं कमी होतं ते आधी उंच कंपनांचं. गिटारच्या खुल्या तारा सेकंदाला ८२ ते ३३० कंपनांच्या आहेत आणि अगदी वरचे फ्रेटसुद्धा हजारच्या आसपास थांबतात.

तरीही माणसं सोडून देतात, आणि मोठ्या संख्येने. पहिल्यांदा गिटार घेणाऱ्यांपैकी सुमारे ९० टक्के वर्षभरात ती खाली ठेवतात, असं गिटार बनवणाऱ्या फेंडर कंपनीचे तेव्हाचे प्रमुख अँडी मूनी यांनी सांगितलं होतं. हा आकडा सगळ्या वयांचा आहे, म्हणजे सोडून देणं हे काही म्हातारपणाचं लक्षण नाही. पण मोठ्यांच्या सोडण्याला एक खास कारण आहे, आणि त्याकडे शिक्षक सहसा पाहत नाहीत. लहान मुलाचा कान त्याच्या हाताबरोबर वाढतो. त्याला स्वतःचं वाजवणं बरं वाटावं, इतपतच त्याचा कान तयार असतो. मोठ्या माणसाचा कान कित्येक दशकं उत्तम संगीतावर पोसलेला असतो आणि हात पहिल्या दिवसाचा. जे हातातून येतं ते त्याला लगेच आणि स्पष्टपणे वाईट ऐकू येतं. ही त्याची कुवत कमी असल्याची खूण मानली जाते. खरं तर ती चांगल्या कानाची खूण आहे. अशा माणसाला सहा महिने नर्सरीतल्या इंग्रजी बालगीतांच्या सुरावटी वाजवायला लावणं हा त्याच्या कानाचा अपमान आहे. त्याला पहिल्याच आठवड्यात दोन कॉर्डवर बसणारं, त्याच्या आवडीचं गाणं द्यायला हवं, जिथे गळा किंवा सोबतचा वादक चाल सांभाळेल आणि त्याचा हात फक्त ठेका धरेल. वाजणारी गोष्ट एकूण सुंदर असेल तर कान हाताला वेळ देतो.

यावर नेहमीचा आक्षेप : दहा हजार तास आणायचे कुठून? हा आकडा अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांच्या १९९३ च्या बर्लिनमधल्या अभ्यासातून आला आणि तेव्हापासून त्याचा बराच विपर्यास झाला आहे. विसाव्या वर्षापर्यंतची ती सरासरी होती, आणि तीही एका नामांकित संगीत अकादमीतल्या सर्वोत्तम व्हायोलिनवादकांची. पुढे संगीतशिक्षक होऊ घातलेल्या गटाचे अठराव्या वर्षापर्यंतचे तास साडेतीन हजारांच्याही आत होते. घरच्या बैठकीत चार गाण्यांना साथ करायची, हे उद्दिष्ट तर याहून फारच जवळचं. रोज वीस मिनिटं धरली तर वर्षाला सव्वाशेच्या आसपास तास होतात. तेवढ्यात खुल्या कॉर्डांवर हात बसतो. २०१४ मध्ये ब्रुक मॅकनमारा आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा संगीतातल्या व्यक्तिव्यक्तींमधल्या फरकाचा सुमारे २१ टक्केच भाग सरावाच्या प्रमाणावरून समजावता आला. किती तास, याइतकंच कसे तास, हे महत्त्वाचं. टेक्सासमध्ये रॉबर्ट ड्यूक आणि सहकाऱ्यांनी पियानोच्या सतरा विद्यार्थ्यांना शोस्ताकोविचच्या रचनेतला एक अवघड तुकडा सरावासाठी दिला. दुसऱ्या दिवशी सर्वांत चांगलं वाजवणाऱ्यांनी जास्त वेळ किंवा जास्त आवर्तनं केली होती असं आढळलं नाही. चूक झाली की ती नेमकी कुठे झाली ते शोधून, तेवढीच जागा संथ करून ते ती नीट बसवत होते. उरलेले बरेचजण सुरुवातीपासून पुन्हा पुन्हा वाजवत राहिले.

मोठ्या माणसाचं बलस्थान नेमकं इथेच आहे. आपली चूक शोधून तिचं कारण समजून घेणं दहा वर्षांच्या मुलापेक्षा त्याला सोपं जातं. ‘ए मायनर’वरून ‘सी’वर जाताना तर्जनी आणि मधलं बोट जागेवरून हलतच नाहीत, सरकते ती एकटी अनामिका. हे दाखवून दिलं नाही तर नवशिका तिन्ही बोटं उचलतो, हवेत शोधाशोध करतो आणि लय तुटते. दाखवून दिलं तर तो गाडी चालवताना मनातसुद्धा तो बदल घोटू शकतो. लहान मुलाला अशा स्पष्टीकरणाचा कंटाळा येतो म्हणून बालवर्गात ते टाळतात, आणि त्याच सवयीने पन्नाशीच्या विद्यार्थ्यालाही ते मिळत नाही.

उशिरा सुरू करून मोठे झालेल्यांची उदाहरणं या विषयात नेहमी दिली जातात. जॅझ गिटारवादक वेस माँटगोमेरी यांनी त्याच परंपरेतल्या चार्ली ख्रिश्चनचं वादन ऐकून विशीच्या उंबरठ्यावर सहा तारांची गिटार गंभीरपणे हाती घेतली. त्याआधी लहानपणी त्यांच्याकडे चार तारांची गिटार होती. अमेरिकी लोकगायिका एलिझाबेथ कॉटन यांनी तरुणपणीच सोडलेली गिटार साठीच्या सुमारास, लोकगायक पीट सीगरच्या वडिलांच्या घरी कामाला असताना, पुन्हा उचलली आणि १९५८ मध्ये त्यांचा पहिला अल्बम निघाला. सगळ्यात लक्षणीय शिनिची सुझुकी. तीन-चार वर्षांच्या मुलांना व्हायोलिन शिकवण्याची जगभर पसरलेली पद्धत ज्यांची, त्यांनी स्वतः सतराव्या वर्षी व्हायोलिन शिकायला घेतलं. या उदाहरणांवरून सरासरी माणसाबद्दल काहीच सिद्ध होत नाही, हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. अपवाद मोजून नियम ठरत नाही. म्हणूनच वरचा युक्तिवाद या नावांवर उभा केलेला नाही.

एका वेगळ्या दाव्यालाही आवर घालायला हवा. वाद्य शिकल्याने स्मृतिभ्रंश टळतो, बुद्धी तल्लख राहते, असं आजकाल सर्रास छापून येतं. २००७ मध्ये जेनिफर बुगोस आणि सहकाऱ्यांनी साठ ते पंच्याऐंशी वयाच्या लोकांना सहा महिने पियानो शिकवला, आणि लक्ष व वेग मोजणाऱ्या काही चाचण्यांत सुधारणा दिसली. हे आशादायक आहे, पण गट लहान होता. मुलांवरच्या अशा अभ्यासांचा आढावा घेताना जोव्हानी साला आणि फर्नांड गोबे यांना असं दिसलं, की प्रयोगाची आखणी जितकी काटेकोर, तितका संगीताचा इतर बुद्धीवरचा परिणाम शून्याकडे जातो. तेव्हा औषध म्हणून गिटार विकणं योग्य नाही. औषध म्हणून घेतलेली गोष्ट गुण दिसला नाही की बंद केली जाते. साठ ते पंच्याऐंशी वयाची माणसं सहा महिन्यांत पियानो वाजवायला शिकली, ही त्या अभ्यासातली गोष्ट मात्र कुणी मथळ्यात घेतली नाही. आपल्या प्रश्नाचं उत्तर तिच्यात आहे.

मग करायचं काय, तर शिकण्याची व्यवस्था बदलायची. अमेरिकेत रॉचेस्टर इथल्या ईस्टमन संगीत विद्यालयात रॉय अर्न्स्ट यांनी १९९१ मध्ये पन्नाशीपुढच्या नवशिक्यांसाठी ‘न्यू होरायझन्स’ हा वाद्यवृंद सुरू केला. त्या धर्तीचे गट पुढे अनेक ठिकाणी उभे राहिले. तिथे सगळेच मोठे, बरेचसे नवशिके, आणि सुरुवातीपासून एकत्र वाजवणं. महाराष्ट्राला ही कल्पना परकी नाही. भजनी मंडळात नव्या माणसाला वय विचारत नाहीत. त्याच्या हातात टाळ देतात आणि त्या रात्रीपासून तो मंडळाचा होतो. पेटी किंवा पखवाज पुढे यथावकाश. पहिल्या दिवसापासून उपयोगी पडणं, आठवड्याचा ठरलेला वार, चुकलं तरी बुडून जाणारा सामूहिक नाद : मोठ्या माणसाला शिकायला जे लागतं ते सगळं तिथे आहे. गिटारचे क्लास मात्र शाळा सुटल्यानंतरच्या वेळेत भरतात, आणि चाळिशीतल्या विद्यार्थ्याला शिंगं मोडून वासरांत शिरावं लागतं. ट्रिनिटी कॉलेज लंडन या परीक्षामंडळाच्या गिटारच्या परीक्षांना वयाची वरची अट नाही. अडचण वर्गाच्या वेळापत्रकात आणि धड्यांच्या क्रमात आहे. पुण्या-मुंबईतल्या किंवा मडगाव-पणजीतल्या एखाद्या क्लासने रात्री साडेआठची फक्त प्रौढांची तुकडी काढली, प्रत्येकाची गिटार पहिल्या दिवशी तपासून नट आणि तारांची उंची नीट करून दिली, पहिल्या महिन्यात ‘ए मायनर’, ‘सी’ आणि कॅपो एवढ्यावर सर्वांना मिळून दोन गाणी वाजवायला लावली आणि ‘एफ’ पाचव्या फ्रेटवरून खाली आणला, तर त्यासाठी नवी जागा लागणार नाही आणि वेगळा शिक्षकही लागणार नाही.